शेवटच्या नावापुढचं एंटर

कॉम्प्युटर कधी चुकत नाही असं पुन्हा कोणी म्हणालं ना, तर मी चहा अर्धा टाकून उठून जाईन.

आमचा प्रोजेक्ट होता फाइलमधल्या ओळी मोजणाऱ्या एका जुन्या कमांडसारखा आपला प्रोग्राम लिहायचा. दोन्हींचं उत्तर जुळलं तरच मार्क. प्रोग्राम मी एकटीने लिहिला. तपासायला ग्रुपमधल्या आम्हा चौघींची नावं एकाखाली एक टाइप केली, माझं सगळ्यात शेवटी.

माझा प्रोग्राम म्हणाला चार, जुनी कमांड म्हणाली तीन.

"सानिका, तुझं चुकलंय," सर म्हणाले.

मी स्क्रीनवर बोट ठेवून नावं मोजायला लागले.

"अगं, बोटाने काय मोजतेस? ती कमांड माझ्या जन्माआधीची आहे!"

आमच्या ग्रुपमधली जासईची रेश्मा माझ्यासारखी गप्प बसणारी नाही. "सर, चौघी जनी उभ्या हाय की इथं!"

मग माझ्या लक्षात आलं. ती कमांड ओळी मोजतच नाही, एंटर किती वेळा दाबलं तेवढंच मोजते. आणि माझ्या नावापुढे मी एंटर दाबलंच नव्हतं.

"सर, आता दाबू का?" मी हळूच विचारलं.

"फाइलला हात लावायचा नाही. प्रोग्राम सुधार."

अख्खी मधली सुट्टी मी बरोबर चालणारा प्रोग्राम बिघडवत बसले. माझा डबा रेश्माने संपवला. शेवटी एकदाचं उत्तर आलं, तीन.

"आता कसं अचूक झालं!" म्हणत सरांनी पूर्ण मार्क दिले.

रेश्मा माझ्या कानात म्हणाली, "सगला तू लिवलंस, आनि मोजताना तूच नाय!"