अभिनंदनाचा मेल

...नाही, तुम्हीच सांगा, जो मेल ‘अभिनंदन’ म्हणत सुरू होतो त्यावर शहाण्या माणसाने विश्वास ठेवायचा का? मी नाही ठेवला! एकदा हात पोळलाय माझा. आमच्या ऑफिसात ना, कोण फसतं ते बघायला कॉम्प्युटर विभागच अधूनमधून खोटे मेल सोडतो. ‘तुमचं पार्सल अडकलंय’ असा आला, मी उघडला, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांची शिकवणी! विभागाचे साहेब सांगत होते, मेल पाठवायला खर्च जवळजवळ शून्य, त्यामुळे लाखात एक भोळा सापडला तरी भामट्यांचा धंदा फायद्यात. लाखात एक... आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

तेव्हापासून मी ‘स्पॅम’चं बटण दाबतच सुटले. विजेचं बिल? स्पॅम. मावसबहिणीच्या बाळाचे फोटो? बाळ ओळखीचं वाटेना, स्पॅम. लाखात एक मी पुन्हा होणार नव्हते.

अशात तो आला. ‘अभिनंदन! तुमची नोकरी कायम करत आहोत. शुक्रवारपर्यंत याच मेलला उत्तर देऊन होकार कळवा, अन्यथा...’ आता यात राहिलं काय? गोड बोलणं आहे, घाई आहे, धमकी आहे. जिच्यासाठी वर्षभर जीव टांगणीला लावला ती नोकरी अशी आपल्या पायांनी चालत येते होय? दाबलं बटण.

मग वाटलं, खरा असला तर? शिकवणीतला नियम असा की शंका आली तर फोन करून खात्री करा. म्हणून भरतीच्या मॅडमना लावला. त्यांच्या केबिनमध्ये वाजलेला मला माझ्या खुर्चीवर ऐकू आला! विचारलं, मेल तुमचाच का? तर थंडपणे, “असली माहिती आम्ही फोनवर देत नाही.” खट्. शिकवणी त्यांचीही झालेली ना... धावत केबिनपाशी गेले, तर बाई पर्स उचलून बाहेरगावच्या बैठकीला निघून गेलेल्या, येणार थेट सोमवारी.

शुक्रवारी डोळे मिटले आणि होकार धाडला. होऊ दे लाखात एक!

सोमवारी मॅडम म्हणाल्या, होकार आलाच नाही. शोधला, तर त्यांच्या स्पॅममध्ये पडलेला. आमच्याकडे एकाने एखाद्या मेलला स्पॅम ठरवलं की फिल्टर तो मेल आणि त्याची उत्तरं अख्ख्या ऑफिससाठी स्पॅम धरायला शिकतो, आणि त्याला शिकवलं कुणी? मीच! मॅडमनी होकार दोनदा वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

“हा तुम्हीच पाठवलाय कशावरून?”

तुम्हाला सांगते, मला त्यांचं पटलंच. आता चौकशी बसलीये माझी. निकाल मेलने कळवणार आहेत.