उलट्या आट्यांचं पायडल

माझं माहेर इंदापूरच्या बाजूला, सासर हितं सांगवीत. बाप बाजारात भाजी इकायचा, आन आमा पोरींना त्यानं येकच शिकवलं, वजन करणाऱ्याच्या काट्याकडं न्हाय, हाताकडं बगायचं. ती सवय लागली ती लागली. कुणी गोड बोललं का मला वाटतं, ह्येच्या पोटात काय हाय. आमचं मालक हसायचं, म्हनायचं हौसा, तू द्येवाचा परसाद बी हुंगून खाशील. हसूंदे. पर मला कुणी फशिवलं न्हाय, ह्ये खरं का न्हाय सांगा तुमी.

तर तुमी लिव्हून घ्यायला आलाय त्ये ऐका, ही सायकल बापाची. त्यो ग्येल्यावर भावांनी मला दिली, त्यांच्याकडं मोटारसायकली झालेल्या. जड हाय, पर आसलं लोखंड आता मिळायचं न्हाय. हिच्यावर गवार, भेंडी लादायची आन सकाळी सातच्या आत फाट्यावर न्यायची, टेंपो कुणासाठी थांबत न्हाय. मालक ग्येल्यापासनं माझं घर ह्या दोन चाकांवर हाय बगा.

फाट्यावर नामूभावजींचं सायकलीचं दुकान. मालकांचं चुलतभाऊ. मानूस वाईट न्हाय, माझ्या घरावर पत्रं घालताना दोन दिस दुकान बंद ठिवून राबलं. पर येकदा सायकल दुरुस्त करून आणली आन पायडल कटकट वाजाय लागलं. आधी कधी वाजत नव्हतं. माझ्या डोक्यात आलं, बापाचं चांगलं सामान काढून घेतलं आन पत्र्याचं बसवलं. ग्येले तशीच, चार गिऱ्हाइकं हुबी होती, त्यांच्या देखत म्हनलं, भावजी, घरच्या मानसाला बी सोडत न्हाय व्हय तुमी? भावजींनी हात पुसलं, म्हनलं, वयनी, मग घरीच खोलत जावा.

आन मी घरीच खोलाय लागले. लेकाकडनं नट खोलायचं पानं मागवलं. अंगणात पोतं आथरायचं, काढलं तसं वळीनं मांडायचं, चाकातलं छर्रं, म्हंजी लोखंडाच्या बारक्या गोळ्या, ताटलीत काढून रॉकेलनं धुवायचं, मोजून ग्रीसात बसवायचं. येकदा येक छर्रा कमी भरला, मला वाटलं शेजारनीनं उचलला, तर त्यो माझ्याच पदराला चिकटलेला. हळूहळू चैन काढाय आली, बिरेक खोलाय आलं. ऱ्हायलं त्ये डावं पायडल. काय केल्या हालंना. मी म्हनलं, ह्ये भावजींनीच आवळून ठिवलंय, त्यांच्याच हातनं खुलावं म्हनून.

तेवढ्यात भावजी वाटंनं चाललं होतं. बोलचाल बंद होती, तरी कुंपणाशी थांबलं, म्हनलं, वयनी, डाव्या पायडलाचं आटं उलटं आसत्यात, उलटं फिरवा. मी मनात म्हनलं, व्हय रं बाबा, म्हंजी मोडंल आन यीन तुज्या दारात. ते ग्येलं आन मी पान्याला पायप लावला, वर हुबी ऱ्हायले आन सुलटंच फिरवलं. कडकन आवाज आला. ज्या दांड्यात पायडल बसतं त्येचं आटंच ग्येलं.

दुसऱ्या दिशी सायकल ढकलत फाट्यावर ग्येले, तवर टेंपो ग्येलेला. तशीच दुकानात हुबी ऱ्हायले. भावजींनी वाकून बगितलं. सवताच्या सायकलीचा दांडा काढला आन माझ्या सायकलीला लावला. मी तरी बगत हुते, ह्येच्यात ह्येंचा काय डाव आसंल. मग पायडल माझ्या हातात दिलं, म्हनलं, तुमीच बसवा. उलटं फिरवलं तर बोटानं आत ग्येलं. सांजच्याला भावजी चालत घरी चालल्यालं बगितलं आन मला लई लाज वाटली.

आता गल्लीतल्या सायकली मीच खोलते. भावजी जाता येता थांबत्यात, येखादी गोष्ट सांगत्यात, मी ऐकते. पर चारचौघात बोलले त्ये चुकलं, आसं मी अजून त्येंना म्हनले न्हाय. दोनदा च्या घिऊन दुकानापतोर ग्येले. मग वाटतं, मी गोड बोलले तर त्येच म्हनतील, हिला आता काय पायजे? कप ठिवते आन माघारी येते.

तवा तुमी लिव्हा. हौसाबाई चुकली म्हनून लिव्हा, द्येव भावजींचं भलं करो म्हनून लिव्हा, ते वाचतील. आन लिव्हून झालं का आधी मला वाचून दावा, तुमी नक्की काय लिव्हलंय त्ये मला बी कळूंदे.