तिसऱ्यांत गेलेली चाकोली

गार्बिन्ये : थांब, जोसेबा. तिसऱ्यांत काय ओतलंस?

जोसेबा : चाकोली. वाइनशिवाय दुसरं काय ओततात तिसऱ्यांत, वहिनी?

गार्बिन्ये : कुठल्या बाटलीतली?

जोसेबा : चुलीशेजारच्या. तुम्हीच म्हणालात, लसूण लाल व्हायच्या आत ओत. हाताला आली ती उघडली.

गार्बिन्ये : ती तुझ्या दादाची होती.

जोसेबा : दादाच्या हातची?

गार्बिन्ये : शेवटची.

जोसेबा : मग ती चुलीशेजारी काय करत होती? अख्ख्या गेतारिया गावात चुलीशेजारी कुठली बाटली असते? उतरलेली, स्वयंपाकाची. लेबलही तेलाने काळं झालंय. मी कशावरून ओळखणार?

गार्बिन्ये : बूच काढताना कळलं नाही?

जोसेबा : आवाज आला नाही खरा. पण स्वयंपाकाच्या बाटलीचा येतो कुठे?

गार्बिन्ये : मुद्दाम केलंस तू.

जोसेबा : आईशप्पथ नाही. मुद्दाम करायचं असतं तर इतके दिवस तुमची मनधरणी कशाला केली असती? आजवर किती वेळा येऊन गेलो मी?

गार्बिन्ये : झाकण ठेव. तिसऱ्या उघडायला लागल्यात.

जोसेबा : ठेवलं. आता ऐका. उद्या सान आन्तोनचा सण. सकाळी चौकात घराघराचं मेज लागणार, प्रत्येकाची नवी चाकोली लोक चाखणार. आपलं मेज मांडायचं की नाही, हे मला आजच कळायला हवं.

गार्बिन्ये : मांड की. मी कुठे अडवलंय?

जोसेबा : न चाखता मांडू? दादा तुमच्या जिभेवरून गेल्याशिवाय एक बाटली दाराबाहेर काढायचा नाही. मी आयुष्यभर बोटीवर होतो, वहिनी. मला कुपा मासा ताजा की शिळा ते कळतं. द्राक्षं पहिल्यांदाच पिळली. तो गेला तेव्हा वेलींना नुकती पालवी फुटत होती, वेली काही दुखवटा पाळत नाहीत, म्हणून मीच केलं सगळं. चांगलं केलं की नासवलं, ते तरी सांगा.

गार्बिन्ये : सांगितलंय तुला. जुनी संपल्याशिवाय या घरात नवी उघडत नाहीत.

जोसेबा : हो, दादाचा नियम. तो त्याने कशासाठी केला होता? जुनी साठवून ठेवू नये म्हणून. चाकोली वर्षाच्या आत प्यायची असते, हे तुम्ही मला शिकवायला हवं, मी तुम्हाला नाही. एक बाटली उरवून ठेवायची आणि वर म्हणायचं, अजून संपली नाही.

गार्बिन्ये : आवाज कमी कर.

जोसेबा : बोटीची सवय आहे. आणि ठेवलीत तीही चुलीशेजारी. तळघरात ठेवली असती तर निदान थोडी टिकली असती.

गार्बिन्ये : माहीत आहे मला. ऊब लागली की वायू आधी जातो, मग वास. तळघरात टिकली असती. पण तळघरात दिसली नसती.

जोसेबा : इथे दिसते म्हणून ठेवलीत?

गार्बिन्ये : दिवसभर मी इथेच असते.

जोसेबा : माद्दीचा फोन आला होता बिल्बाओहून. म्हणाली, काका, आईला विचारायला जाऊ नका, तिसऱ्या घेऊन जा. जेवायला बसली की ती बोलते. म्हणून आणल्या. नाहीतर जानेवारीत तिसऱ्यांचा भाव काय असतो तुम्हाला ठाऊक आहे.

गार्बिन्ये : मुलगी बापावर गेलीय. बाटलीत किती उरलीय?

जोसेबा : अर्ध्याहून जास्त. परत बूच लावू?

गार्बिन्ये : कशाला? उद्यापर्यंत व्हिनेगर होईल. पेले काढ. उंच देठाचे नकोत, रुंद साधे. पाव काप. त्या बशीत ऑलिव्ह आणि खारवलेली अँचोवी आहे, तीही घे.

(पेल्यांचा आवाज. कढई मेजावर येते.)

जोसेबा : दादासारखी वरून ओततो.

गार्बिन्ये : ओत. फेस येणार नाही.

जोसेबा : नाही आला.

गार्बिन्ये : रंग बघ. पिवळी पडलीय. सफरचंदाचा वास येतोय, ठेचाळलेल्या. तो असता तर त्याने तोंडात धरून थुंकली असती, आणि मला दोन शब्द सुनावले असते.

जोसेबा : चार. मग? ओतून टाकू?

गार्बिन्ये : पी गुपचूप.

जोसेबा : पितोय. तिसऱ्यांत मात्र चांगली लागलीय, वहिनी. रस्सा बघा.

गार्बिन्ये : मीठ कमी आहे. पाव बुडव, म्हणजे कळेल.

जोसेबा : संपली. तळ दाखवू?

गार्बिन्ये : दिसतोय मला. तुझी कुठाय?

जोसेबा : बाहेर, खिडकीच्या कट्ट्यावर. थंड राहावी म्हणून.

गार्बिन्ये : म्हणजे घेऊनच आला होतास.

जोसेबा : रोजच आणतो. रोज परत नेतो.

गार्बिन्ये : उघड.

जोसेबा : ऐकलंत? आवाज आला.

गार्बिन्ये : बहिरी नाही मी. ओत.

जोसेबा : घ्या. अँचोवी आधी खा, मग—

गार्बिन्ये : मला शिकवू नकोस. ... आंबट आहे.

जोसेबा : वाटलंच मला. घाई केली. पाऊस येईल म्हणून चार दिवस आधी तोडली द्राक्षं. उद्याचं मेज राहू दे मग. शेजारचे तसंही म्हणतातच, बोटीवरचा माणूस—

गार्बिन्ये : आंबट असायलाच हवी. खारट माशावर गोड काय करायचीय? जिभेला टोचतेय, ती बरोबर टोचतेय.

जोसेबा : म्हणजे?

गार्बिन्ये : म्हणजे पेला रिकामा आहे माझा.

जोसेबा : हा घ्या.

गार्बिन्ये : असा नाही. उद्या चौकात लोक बघणार आहेत. हात वर घे. अजून. अजून थोडा. तो तिथून ओतायचा.