आपलं कोण, परकं कोण

तो तिचा आणि बाबांचा शेवटचा साधा दिवस होता. डॉक्टरांच्या दाराबाहेर ती बाबांशेजारी बसली होती. तिने दिलेली किडनी बाबांच्या शरीराला मानवेनाशी झाली होती. समोरच्या बाकावर एक म्हातारा आणि त्याची थोरली बहीण हुज्जत घालत बसले होते.

“ताई, तुझी किडनी तुझ्यासारखीच गं. आल्यापासून डोक्याला ताप!”

“मग दे की परत.”

“माझ्या रक्तातल्या पेशी म्हणे तिच्यावर तुटून पडतात.”

“आपलं कोण, परकं कोण, एवढंही कळत नाही मेल्यांना?”

“जंतूंना हाकलायला बसवलेले पहारेकरी ते. ही माझी ताई आहे, हे त्यांना कोण सांगणार?”

“म्हणून तर त्यांना झोपवायच्या गोळ्या दिल्यात. आणि तू त्या चुकवतोस!”

“अगं, ते झोपले आणि साधा खोकला आत शिरला, तर?”

“मी बसते ना दारात. बघू कोण शिरतंय ते.”

बाबा हसले. मग खालच्या आवाजात म्हणाले, “पोरी, तू एवढं दिलंस आणि मी ते नासवलं.”

“पाणी देऊ का, बाबा?” ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी बाबांना ताप भरला. न्यूमोनिया निघाला आणि आठवडाभरात ते गेले. घरातली माणसं पांगल्यावर ती त्यांच्या रिकाम्या पलंगाच्या कडेला टेकली आणि मोठ्याने म्हणाली, “तुम्ही काही नासवलं नाहीत, बाबा. दुसरी मागितली असतीत, तरी दिली असती.”