एसटीत राहिलेली लेक

चहा घ्या, सांगते. तवा आमच्या बोरीत बापानं वडिलांसमोर आपलं लेकरू उचलायचं न्हाई. थोरली सहा महिन्यांची झाली, तरी ह्यांनी तिला घेतलं नव्हतं. माहेराहून परतताना एसटीत मी म्हणलं, "इथं कोण बघायलंय?" मग घेतली. वाऱ्यानं ती झोपली, अन् हे तिच्याकडंच बघत बसले.

बोरी आली. मी पिशव्या घेऊन आधी उतरले, तर समोर सासरे उभे. त्यांना बघून ह्यांनी लेक शेजारच्या अनोळखी बाईच्या मांडीवर ठेवली अन् हात हलवत उतरले.

बाई खिडकीतून ओरडली, "ओ, लेकरू राहिलं."

सासऱ्यांनीच चढून नातीला आणलं, ह्यांच्यापुढं धरलं. "घे. मी तिकडं बघायलोय."

घरापर्यंत ते पुढं चालले. एकदाबी मागं वळले न्हाईत.