निम्म्या मिठाची पंगत

आमचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादून गावोगाव फिरत. आता फुलसावंगीजवळच्या आमच्या तांड्यात आम्ही कापूस-तूर पिकवतो, पण मिठाचा हात काही आखडला नाही. काय सांगू तुम्हाले, पाहुण्यानं वरून मीठ मागितलं तं माझी याडी, म्हणजे आई, शरमेनं अर्धी होऊन जाये.

अन् नवरा भेटला तो चटणीवरही मीठ भुरभुरणारा. मागच्या साली तूर सोंगतानी त्याले चक्कर आली, सरळ धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, आडवा. डॉक्टरीणबाई म्हणे, बीपी लय वाढला, गोळी रोज घ्या अन् मीठ निम्मं करा, नाहीतं एक दिवस अर्धं अंग जाईन. मी तिथंच खाली बसली. अन् हा गाडीवर बसता बसता म्हणते कसा, गोळी भेटली ना, मिठाचं ती पाहून घेईन.

घरी मी आळणी सुरू केलं. हा निमूट जेवे. मी म्हणलं, सुधारला. कायचा सुधारते, समोरच्या शेवंतीकडे जाऊन भाकर-ठेचा खाऊन राह्यला होता, तिथून पुढच्या घरी पापड, लोणचं. अख्खा तांडा कीव करे, बिचाऱ्या भियाले, म्हणजे भावाले, बायको आळणी घालते. परत तपासलं तं बीपी होता तिथंच.

मग मी साऱ्यांले जेवाले बोलावलं. कायले, तं म्हणलं नवस हाय. खोटं नव्हतं, नवरा उभा राहावा एवढाच नवस. वरणात मीठ निम्मं, पण चिंच, लसणाची फोडणी, वर सांबार, म्हणजे कोथिंबीर. वांग्यात तीळ अन् लिंबू. शेवंतीनं वरण मागून मागून घेतलं. हात धुतल्यावर मी कमरेवर हात ठेवून मधात उभी राह्यली, म्हणलं, बायांनो, निम्म्या मिठाचं जेवल्या तुम्ही. शेवंती म्हणे, खोटं नको बोलू. मी वरणाचा गंज, पातेलंच, तिच्यापुढं सरकवला. तिनं ध्यान देऊन चाखलं, म्हणे, खरंच हाय. म्हणलं, तुम्ही त्याले मायेनं ठेचा देता, मले ठाऊक हाय, पण तो पडला तं न्हाणीत उचलून न्याले कोण येईन? नवरा ताटाकडे पाहून राह्यला.

दुसऱ्या दिवशी हा पुन्हा शेवंतीच्या दारात. तिनं भाकर दिली, ठेचा दिला, मिठाऐवजी लिंबू पिळलं. म्हणे, भिया, आता आमच्याइथंही असंच. घरी येऊन म्हणते, पुरा तांडा बिघडवला तू.

आता बीपी उतरला. गोळी सुरूच हाय, डॉक्टरीणबाई म्हणे असंच ठेवा. जुन्या बाया माह्या नावानं बोटं मोडते, मोडू द्या. तो पाहा, तुरीत उभा हाय, बैलावर ओरडून राह्यला, आवाज कसा खणखणीत. तो येईस्तोवर बसा, जेवूनच जा. तुमच्याही घरचा माणूस असाच ओरडत राहो.