चारीचं पाणी आणि टीव्हीवाले

मी चोरून ऐकत नाही, माणसंच मोठ्यानं बोलतात. बारामती स्टँडवर वालचंदनगरच्या गाडीला उभी होते. माझ्या मागं आत्या-भाचा.

"दिग्विजय, कालव्याच्या चारीला पाणी न्हाय म्हणून तू फोनवर व्हिडिओ टाकलास. पाटबंधाऱ्याचा सायब काय म्हणला?"

"आधी म्हणला, काढून टाक, न्हायतर नोटीस धाडतो. टीव्हीवाले येणार म्हणल्यावर लगेच पाणी सोडलं."

"मग आलं का टीव्हीवाले?"

"न्हाय आत्या. कऱ्हाटीत बिबट्या दिसला, तिकडं पळाले."

"आन् तू इस्त्रीचा शर्ट घालून सकाळपासनं हितं वाट बघत बसलास व्हय!"

"ते आलंच न्हाईत हे सायबाला कळलं तर पाणी बंद करंल. व्हिडिओ काढून टाकू का?"

"खुळा का काय! डाळिंब भिजू दे आधी. सायबाचा फोन आला तर सांग, टीव्हीवाले आमच्यात जेवायला बसल्यात."